पोळ्याचा दुसरा दिवस सोडून

कोर्टात फाइली साचतात हे सगळ्या जगाला माहीत आहे. किस्से किती साचतात ते फक्त वकिलांना माहीत! फाइलीला निदान तारीख पडते, कधीतरी निकाल लागतो आणि ती रेकॉर्ड रूममध्ये जाऊन पडते. किश्श्यांचं तसं नाही. ते आमच्या टेबलावरच पडून राहतात, आणि चहा आला की कोणीतरी त्यातला एक उचलतं.

आमचं टेबल म्हणजे मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याच्या कोर्टाच्या आवारात टिनाच्या शेडखालचं, एक पाय हलणारं. एका बाजूला गावंडे काका, दुसऱ्या बाजूला मी. काका तिगावचे. वकिली करता करता त्यांचे केस पांढरे झाले, दोन दात गेले, पण बोलणं काही थांबलं नाही. मी सौसरहून रोज बसनं येते. काका मला ‘रंजना बाई’ म्हणतात, पक्षकार ‘वकील बाई’ म्हणतात, आणि बस चुकली की घरचे जे म्हणतात ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आम्ही दोघं गरीब कैद्यांना सरकारी मदतीतून मिळणारे वकील. या कामात एक प्रकार असा आहे की तो लोकांना समजावताना नाकी नऊ येतात. वकील म्हणजे माणसाला जेलमधून बाहेर काढणारा, अशी सगळ्यांची समजूत. आणि आमचा अर्ज कसला, तर याला जेलमध्ये नीट राहू द्या म्हणून! होतं असं की, एखाद्या कैद्याला बैरकीतून उचलून एकट्यालाच अलग कोठडीत ठेवतात. कधी सुरक्षेसाठी, कधी शिस्तीसाठी, तर कधी कोणाच्या तरी मनात आलं म्हणून. दार बंद, आणि बोलायला भिंती. कायद्यानं एकांताची शिक्षा द्यायची तर ती कोर्टानं द्यायची असते, जेलनं नाही. ज्याचा खटलाच अजून चालू आहे, त्याला तर ती कोणीच द्यायची नसते. मग आम्ही कोर्टात जातो की साहेब, सोडू नका म्हणता तर नका सोडू, पण याला माणसांत तरी ठेवा.

एका म्हातारीनं काकांना तोंडावर विचारलं होतं, “बाहेर काढत नाही तं कायचे वकील बापा तुम्ही?”

काका म्हणाले, “माय, आम्ही पहिले आत काढतो, मंग बाहेर काढतो!”

जेलचं नाव मी सांगणार नाही. अजून तिथे मुलाकातीला जावं लागतं! एवढंच सांगते की आमच्याच भागातली छोटी जेल आहे. पुरुषांची एक बैरक, बायांची एक, आणि मागच्या भिंतीला लागून एकुलती एक अलग कोठडी.

* * *

पहिला मान बोरगावच्या बाबांचा. हे बाबा मोहाच्या दारूच्या केसमध्ये आत आले होते. गाळायचे, पण स्वतः थेंबही घ्यायचे नाहीत. नाद एकच, भजनाचा. जेलमध्ये खंजिरी कुठून आणणार, तर बाबा पहाटे उठून जेवणाची थाळी वाजवायचे आणि पहाडी आवाजात सुरू व्हायचे. बैरक कावली. तक्रार झाली, आणि जेलनं बाबांना उचलून अलग कोठडीत टाकलं.

काकांनी अर्ज लावला. त्या वेळी बाबांचं वय, त्यांचं दुखणं, कायद्यातली कलमं असं सगळं काढून काका घरी आरशासमोर भाषणाची तयारी करत होते म्हणे. तारखेच्या सकाळी जेलचा एक माणूस हात जोडून टेबलाशी हजर!

“वकील साहेब, अर्ज वापस घ्या. आम्ही त्याले बैरकीत घेतलं.”

“काहून बापा? मी तर अजून बोललोच नाही!”

“कोठडीत आवाज लई घुमून राहिला साहेब. पहिले एक बैरक उठत होती, आता पूर्ण जेल उठून राहिली. साहेबाच्या क्वार्टरापर्यंत जाऊन राहिला आवाज!”

एक शब्द न बोलता काकांनी जिंकलेली ती पहिली केस. दुसरी, जवळजवळ तशीच, पुढे येते.

* * *

दुसरी म्हणजे शालिकची. खरं तर आता जे सांगते आहे ते सगळं शालिकचंच आहे.

शालिकराम कामडी पांढुर्ण्याचा. संत्रा मंडीत हमाली करायचा आणि माल भरताना गाड्यांना हाका मारायचा. आवाज असा की शालिकनं मंडीत हाक मारली की रस्त्यावरचा ट्रकवाला ब्रेक मारायचा. एका दिवशी मंडीत ट्रक भरण्यावरून मारामारी झाली, एकाला चांगलंच लागलं, आणि जी बरीच नावं रिपोर्टात गेली त्यात शालिकचंही गेलं. जामिनाचा अर्ज खाली नामंजूर झाला, तो वर जबलपूरच्या हायकोर्टात लागला आणि तिथे रांगेत उभा राहिला.

आता गोटमार ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि मग दिवसभर एकमेकांवर गोटे! पांढुर्णावाल्यांनी झेंडा काढून आणला की खेळ संपला. मग दोन्ही काठ मिळून चंडी मातेच्या देवळात जातात. डोकी फुटतात, कधी जीवही जातात. मला हा खेळ आवडत नाही, हे मी सगळ्यांना तोंडावर सांगते. माझ्या मामाचा एक डोळा त्यात गेला. पण मामाला विचाराल, तर तो उरलेल्या डोळ्यानं दर वर्षी बघायला जातो!

तर शालिक जेलच्या दारात उभा. आत घेताना विचारतात, अंदर किसी से दुश्मनी है क्या? हे विचारणं नियमाचंच आहे आणि चांगलं आहे. जेलर साहेब नवे, दूरच्या जिल्ह्यातून नुकतेच बदलून आलेले, कागदावर पेन ठेवून बसलेले. शालिकनं आत नजर टाकली, तर बैरकीच्या दाराशी सावरगावचा मनोहर उभा. तोही कुठल्याशा वेगळ्या केसमध्ये आधीपासून आत होता. ओळखीचं माणूस दिसल्यावर शालिकचा जीव भांड्यात पडला, आणि तो खुशीत येऊन म्हणाला,

“है ना साहेब! वो सावरगाव वाला. बापदादा के जमाने से दुश्मनी है. पिछले साल इसका सिर मैंनेच फोड़ा!”

तिकडून मनोहर ओरडला, “और इसका घुटना मैंने!”

दोघं खदाखदा हसले. जेलर साहेब हसले नाहीत. शालिक त्या दिवसापासून अलग कोठडीत.

* * *

सुशीला म्हणजे शालिकची बायको. ती टेबलाशी आली तेव्हा काका नेहमीप्रमाणे कोणाला तरी काहीतरी सांगत होते. ती बाजूला उभी राहिली. काकांचं संपेना, तेव्हा मीच तिला बस म्हटलं.

तिला वाटलं होतं मी जामिनाचं विचारीन. ती म्हणाली, “जामीन जवा होईन तवा होईन, वकील बाई. मी त्याच्यासाठी नाही आली. माणूस बोलून नाही राहिला.”

“म्हणजे?”

“पहिल्या मुलाकातीत लई बोलला. मंग कमी बोलला. आता नुस्ता माह्या तोंडाकडे पाहते. मी विचारलं, जेवले का? तं मान हालवली. पोरींचं सांगितलं, तं मान हालवली. तुमाले मालूम आहे ना याचा आवाज? घरात हळू बोला म्हणून सासू मरेपर्यंत सांगत राह्यली याले!”

ती हसायला गेली आणि तिला हसता आलं नाही. मग म्हणाली, “बाहेर नका आणू म्हणत नाही मी. पण पहिले त्याले माणसात आणा. नाही तं घरी येईन तवा कोणता माणूस येईन मले मालूम नाही.”

गावंडे काकांनी आपली गोष्ट अर्ध्यावर सोडली होती. मी इतक्या वर्षांत काकांना गोष्ट मध्येच टाकताना पाहिलं नव्हतं. त्यांनी तिच्यासमोर आपला चहा सरकवला आणि अर्ज लिहायला घेतला.

* * *

अर्ज लावण्याआधी मी शालिकला भेटायला जेलमध्ये गेले. तिथे रामरतन नावाचा प्रहरी होता, मागच्या भिंतीकडची ड्यूटी त्याचीच. मला कोठडीपर्यंत तोच घेऊन गेला. मार्च संपत आला होता आणि वरच्या पत्र्यानं कोठडी तापायला लागली होती. शालिक कोपऱ्यात बसलेला. मी बरंच बोलले, तो बघत राहिला. वकालतनाम्यावर मात्र नीट सही केली.

परत येताना मी रामरतनला विचारलं, “याच्याशी कोणीच बोलत नाही का?”

“नियम नाही मॅडम. अलग कैद्याशी बोलायचं नाही, असं साहेबानं सांगून ठेवलं.”

मी पुढे निघाले, आणि गेटाजवळ चप्पल तुटली म्हणून थांबले, तेव्हा मागून मला आवाज ऐकू आला. रामरतन कोठडीकडे पाठ करून, समोरच्या भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि मोठ्यानं बोलत होता. म्हैस व्याली, पारडू झालं. कापसाचा भाव पडला. मोहगावच्या बाजारात भेंडी लई महाग झाली. तिगावच्या फाटकावर गाडी बंद पडली, लोक उतरून ढकलत होते. सगळं सविस्तर, थांबून थांबून, ऐकणाऱ्याला कळावं असं.

पुढच्या भेटीत मी म्हटलं, “रामरतन भाऊ, तुमचे फार उपकार झाले.”

तो घाबरला. “मी कुठी त्याच्याशी बोललो मॅडम? मी भिंतीशी बोलून राहिलो होतो. भिंतीशी बोलू नको असं कोण्या नियमात लिहिलं आहे?”

मी अनेक मोठमोठ्या वकिलांचे युक्तिवाद ऐकले आहेत. या तोडीचा त्यात एकही नव्हता. शालिकच्या डोक्यात त्या दिवसांत जे काही शाबूत राहिलं ते या माणसाच्या म्हशीमुळे राहिलं, असं मी आजही मानते.

* * *

पहिली सुनावणी व्हीसीवर झाली. म्हणजे कैदी जेलमधल्या खोलीत कॅमेऱ्यासमोर, आणि आम्ही कोर्टात टीव्हीसमोर. जज मॅडमही बाहेरच्याच, पण ऐकून घेणाऱ्या. त्यांनी विचारलं, “शालिकराम, आपको कोई तकलीफ है?”

स्क्रीनवर शालिक दिसतोय, पण आवाज नाही.

“आवाज नहीं आ रही. देखिए जरा.”

झालं! कोर्टाचा बाबू उठला. वायर काढली, वायर लावली. सरकारी वकिलांनी आवाज वाढवून पाहिला. काकांनी टीव्हीला मागून एक थाप मारली, कारण त्यांच्या घरचा टीव्ही तशानंच लागतो. कोणीतरी म्हणालं म्यूट असेल, कोणी म्हणालं नेट गेलं असेल. मॅडमनी परत विचारलं, “शालिकराम, सुनाई दे रहा है?”

स्क्रीनच्या कडेला रामरतन उभा होता. तो पुढे वाकला आणि त्याचा आवाज कोर्टभर खणखणीत आला.

“मैडम, माइक चालू है.”

बाबूच्या हातात वायर तशीच राहिली. जज मॅडमनी काहीतरी लिहिलं आणि जेलला पुढच्या तारखेला लेखी उत्तर मागितलं.

* * *

जेलचं उत्तर आलं. त्यात लिहिलं होतं की शालिकरामला त्याच्याच सुरक्षेसाठी अलग ठेवलंय. बैरकीत त्याचा खानदानी वैरी मनोहर आहे. आणि दोघांनी एकमेकांना गंभीर जखमी केल्याचं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं आहे. यातला एकही शब्द खोटा नव्हता! हीच तर पंचाईत.

काका उभे राहिले. आदल्या दिवसापासून ते मला काय काय बोलणार ते ऐकवत होते. मी मनात म्हणत होते, मॅडमना दुसऱ्याही केसेस आहेत, देवा, यांना लवकर आवरू दे.

“कहिए गावंडे जी.”

काका काही बोलेनात.

मी खालून कोट ओढला. काका समोर बघत उभे. “गावंडे जी?” काका तसेच. कोर्टात कुजबुज सुरू झाली. गावंडे वकील आणि गप्प? मागे बसलेला एक पक्षकार उठून उभा राहिला. सरकारी वकील इतकी वर्षं काकांशी भांडलेले, ते स्वतः पाण्याचा ग्लास घेऊन धावले आणि काकांच्या मागे खुर्ची लावायला लागले. मॅडम पेन ठेवून म्हणाल्या, “तबियत ठीक है ना आपकी? किसी डॉक्टर को बुलाइए!”

तेव्हा काकांनी तोंड उघडलं. “मैडम, मैं ज़रा सी देर चुप रहा तो सरकारी वकील साहब पानी लेकर दौड़े. उधर एक आदमी होली से चुप है.”

आणि खाली बसले! एवढंच. एक कलम नाही, एक निवाडा नाही. निवाडे मग मी वाचले.

बाहेर शेडमध्ये येऊन काकांनी लागोपाठ दोन चहा घेतले. “रंजना बाई, जीव चालला होता माहा! अजून थोडं थांबलो असतो ना, तं तिथंच गेलो असतो.”

* * *

मॅडमनी ठरवलं की खुद्द वैऱ्यालाच विचारायचं. पुढच्या तारखेला स्क्रीनवर मनोहर. केस विंचरून, शर्टाची वरपर्यंत बटणं लावून आलेला.

“मनोहर, सच बताइए. शालिकराम से आपको, या आपसे शालिकराम को, जान का खतरा है?”

“है ना मैडम!”

मी कपाळाला हात लावला. सरकारी वकिलांच्या तोंडावर हसू आलं. काका पुटपुटले, “मेलो.”

“कैसा खतरा?”

“पोले के दूसरे दिन, मैडम. बाकी साल भर काहे का खतरा?”

“मतलब?”

“मतलब मेरी सगी बहन इसके चचेरे भाई को दी है. मेरे भांजे का नाम इसीने रखा. अब इसका सिर नहीं फोड़ूंगा तो किसका फोड़ूंगा? बाहर के आदमी का फोड़ना तो गुनाह है ना मैडम!”

जज मॅडमनी तोंड फाइलीत घातलं. फाइल हलताना आम्ही सगळ्यांनी पाहिली. बाबूनं तर उठून खिडकीच उघडली.

मनोहर मात्र हसत नव्हता. तो म्हणाला, “मैडम, उसको मेरे बाजू में सुला दो. मैं बोलूंगा उससे. वो नहीं बोला तो भी चलेगा, मैं बोलूंगा.”

त्याच दिवशी आदेश झाला. शालिकला बैरकीत घ्या. आणि यापुढे कोणालाही अलग ठेवायचं असेल तर कारण लिहून द्या, त्या माणसाला आधी विचारा, आणि त्याच्या वकिलाला कळवा. आदेश हातात आला तेव्हा सुशीला शेडखाली बसली होती. तिनं तो कपाळाला लावला आणि विचारलं, “याच्यात घरी जायचं नाही ना लिहिलं?” मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, “असू द्या. एवढं बी लई झालं.” मला त्या मॅडमच्या पाया पडावंसं वाटलं. वकिलानं तसं करायचं नसतं म्हणून राहिले.

* * *

तुम्हाला वाटेल, झालं. आम्हालाही तसंच वाटलं होतं.

शालिक बैरकीत आला, मनोहरच्या शेजारी त्याचं अंथरूण पडलं. मनोहर बोलत राहिला. महिन्यांमागून महिने शालिक ऐकत राहिला. पावसाळ्यात एका मुलाकातीत त्यानं सुशीलाला विचारलं, “पोरी शाळेत जाऊन राहिल्या ना?” सुशीला धावत टेबलाशी आली. आम्ही तिला पेढे खायला लावले. खाता खाता तिचा चेहरा पडला. म्हणाली, “पण हळू बोलला वकील बाई. एकदम हळू. माहा माणूस असा नाही बोलत.”

मग पोळा आला. पोळ्याच्या आदल्या आठवड्यात जेलर साहेबांचा फोन. या वेळी त्यांनी सगळं अगदी आदेशाप्रमाणे केलं होतं. कारण लिहून काढलेलं, दोघा कैद्यांना विचारायला बोलावलेलं, आणि आम्हाला कळवलेलं. मनापासून सांगते, मला त्या माणसाचं कौतुक वाटलं. पुष्कळजण आदेश खणात टाकून देतात. त्यांनी तो पाळला.

आम्ही गेलो. साहेबांनी कागद पुढे केला. “मैडम, यह मैं नहीं कह रहा. कोर्ट के रिकॉर्ड में है. पोले के दूसरे दिन खतरा है. आपके ही गवाह का बयान है. उस एक दिन दोनों को अलग रखना पड़ेगा.”

आमच्याच साक्षीदारानं आम्हाला उताणं पाडलं! काकांनी कागद दोनदा उलटसुलट करून पाहिला.

अलग कोठडी एकच. म्हणजे दोघांतला एक आत जाणार. शालिक तिथेच उभा होता. ‘कोठडी’ शब्द निघाला तशी त्याची बोटं थरथरायला लागली आणि त्यानं ती मुठी करून पायजम्याच्या खिशात लपवली. ते सगळ्यांनी पाहिलं. जेलर साहेबांनी पण पाहिलं, आणि खाली बघितलं.

मनोहर म्हणाला, “मी जातो ना साहेब. अलगच करायचं आहे तं कोणी बी एक गेला तं झालं.”

असं ठरलं. गोटमारीच्या सकाळी आम्ही दोघंही जेलमध्ये हजर होतो. रामरतननं कोठडी झाडून घेतली. खडा म्हणून ठेवला नाही, स्वतः हात फिरवून पाहिलं. मनोहर ऐटीत आत गेला. रामरतन दार लावणार, एवढ्यात शालिक बैरकीच्या रांगेतून निघाला, अंगण ओलांडलं, आणि ज्या कोठडीच्या नावानं त्याचे हात कापत होते तिच्यात आपल्या पायानं शिरला. मनोहरच्या शेजारी जाऊन बसला. कोणाकडे बघितलंसुद्धा नाही.

जेलर साहेब धावत आले. “अरे! इनको अलग रखना है, अलग!”

काका म्हणाले, “साहेब, बाकी सबसे तो अलगच हैं ना!”

साहेबांनी काकांकडे पाहिलं, दोघा कैद्यांकडे पाहिलं. नंतर काका सांगत होते की साहेब जरासे हसले. मी पाहिलं नाही. साहेबांनी दार ओढून घेतलं, कडी घातली नाही, आणि रामरतनला दारावर उभं केलं.

दुपारभर मी जेलच्या गेटाबाहेर झाडाखाली सुशीलाजवळ बसून होते. काका आत साहेबांच्या खोलीत. दुरून, नदीकडून, माणसांचा गलका येत होता. सुशीला मधेमधे विचारायची, “आतून काही आवाज येते का?” मी कान देत होते. काही नाही.

दिवस कलायला लागला असेल, आणि भिंतीच्या आतून एक हाक उठली. बैरकीवरून, गेटावरून, आमच्या डोक्यावरून गेली. समोरच्या रस्त्यानं जाणाऱ्या ट्रकवाल्यानं करकचून ब्रेक मारला.

“झेंडाऽऽ आमचाऽऽ!”

सुशीला उभी राहिली. पदर तोंडाशी धरून ती हसत होती आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. “हा याचा आवाज आहे वकील बाई! हा माह्या माणसाचा आवाज आहे!”

पुढचं काकांनी सांगितलेलं. साहेब पळत कोठडीशी गेले, मागून काका. शालिक उभा, छाती वर, आणि त्याच्या हातात उंच धरलेला मनोहरचा गमछा. खाली मनोहर बसलेला. त्याच्या कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ. कोठडीत गोटा नाही, खडा नाही, काहीही नाही.

“रामरतन! तुम कहां थे?”

“इथंच होतो साहेब. भिंतीशी बोलून राहिलो होतो.”

साहेब मनोहरकडे वळले. “किसने मारा? सच बता, किसने मारा?”

मनोहरनं टेंगळावर हात फिरवला, शालिककडे पाहिलं, आणि तोंडभर हसून म्हणाला,

“आज का दिन छोड़ के पूछो ना साहेब!”